मायनेता संकेतस्थळ : वकील आमदाराची कारकीर्द तेथे किती सापडते?

बडोद्यातील रावपुरा मतदारसंघाचे माजी आमदार राजेंद्र त्रिवेदी हे पेशाने वकील. २०१२ आणि २०१७ या दोन निवडणुकांत ते येथून निवडून आले, २०१८ ते २०२१ या काळात गुजरात विधानसभेचे अध्यक्ष होते आणि त्यानंतर भूपेंद्र पटेल यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे कायदा खाते आले. अशा कारकिर्दीची माहिती सामान्य मतदाराला घरबसल्या मिळवायची असेल, तर मायनेता हे विनामूल्य संकेतस्थळ कितपत उपयोगी पडते, हे येथे मांडतो. बडोद्यातील प्रत्येक मराठी मतदाराने ते वापरावे असे माझे ठाम मत आहे. मात्र तेथे उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरील खटले कळतात, त्याची वकिली कळत नाही.

हे संकेतस्थळ चालवणारी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधील प्राध्यापकांनी स्थापन केली. तिने सुरू केलेल्या न्यायालयीन लढ्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये निकाल दिला आणि उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क ठरला. आज प्रत्येक उमेदवार नमुना २६ मध्ये जे शपथपत्र भरतो, त्याचे मूळ या निकालात आहे. मायनेता त्याच शपथपत्राचा सारांश देते आणि सारांशात व मूळ प्रतीत तफावत आढळल्यास निवडणूक आयोगाकडील प्रतच ग्राह्य धरावी, असे स्वतःच सांगते. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे एकाच व्यक्तीच्या निरनिराळ्या निवडणुकांतील घोषणा शेजारी शेजारी दाखवणारा तक्ता. एकटे शपथपत्र त्या दिवसापुरते बोलते; दोन-तीन ओळीने वाचली म्हणजे मालमत्ता, कर्जे आणि प्रलंबित खटले कसे बदलत गेले ते समजते. पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणांतील उत्पन्न देण्याची सक्ती २०१९ पासून झाल्याने अलीकडची शपथपत्रे जुन्यांपेक्षा बरीच बोलकी आहेत.

वकील आमदाराच्या बाबतीत मात्र खरी अडचण व्यवसायाच्या रकान्यात येते. तेथे ‘वकिली’ असा एक शब्द लिहिला की काम भागते. सनद कोणत्या वर्षी मिळाली, प्रॅक्टिस जिल्हा न्यायालयात होती की उच्च न्यायालयात, दिवाणी की फौजदारी, आणि निवडून आल्यावर ती चालू राहिली की थांबली, यांपैकी काहीही नमुना २६ विचारत नाही. आमदारपद ही पूर्णवेळ पगारी नोकरी नव्हे, म्हणून वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करण्यास मनाई करणारा बार कौन्सिलचा नियम ४९ लोकप्रतिनिधींना लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे आमदार कायदेशीरपणे कोर्टात उभा राहू शकतो. मग जो सभागृहात कायद्यावर मत देतो तो न्यायालयात कोणाची बाजू मांडतो, हे मतदाराला कळायला नको का? अध्यक्षपदी बसलेल्या वकिलाविषयी तर हे कुतूहल अधिकच रास्त आहे, कारण पक्षांतराच्या वादात राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार अध्यक्षच निवाडा करतो आणि तेव्हा त्याचा कायद्याचा अभ्यास पणाला लागतो.

हा दोष संकेतस्थळाचा नाही, नमुन्याचा आहे. तरीही संस्थेने वकील उमेदवारांसाठी सनदेचे वर्ष आणि प्रॅक्टिसची सद्यःस्थिती एवढे दोन तपशील ऐच्छिक म्हणून मागवले, तर त्याला कोणतीही कायदेशीर आडकाठी मला दिसत नाही.

वापरणाऱ्यांना एक सूचना : आकडे सारांशात पाहावेत, पण व्यवसाय, शिक्षण आणि उत्पन्नाचा स्रोत हे रकाने मूळ शपथपत्राच्या प्रतीतच वाचावेत. ती प्रत अनेकदा गुजरातीत असते, आणि बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला त्याची अडचण नाही.