कोयनेच्या काठावरचा तंबूतला मुक्काम: दसऱ्यापासून वैशाखापर्यंतचा अनुभव

साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीकडे उतरल्यावर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाने गावकऱ्यांनी तंबूंसाठी काही जागा राखल्या आहेत. त्यांपैकी एका जागी आम्ही दसऱ्यापासून वैशाखापर्यंत वरचेवर मुक्काम केला. तिथे वीज नाही, नळ नाही, मोबाईलला रेंज नाही. तीन दगडांची चूल, आडोसा केलेला खड्ड्याचा संडास आणि जांभळीच्या सावलीत सपाट केलेली जमीन एवढेच आहे. ही जागा मला मनापासून आवडते ती याच साधेपणामुळे, आणि तो टिकावा असे वाटते.

वरवर माती दिसत असली तरी वीतभर खाली जांभा लागतो आणि तंबूसोबत मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या दोन घावांत वाकतात. त्यामुळे दोरीचे दोन वेढे मोठ्या दगडाला देऊन त्यावर दुसरा दगड ठेवावा. मग रात्रीच्या वाऱ्यातही तंबू जागचा हलत नाही. पौषात मात्र वाऱ्यापेक्षा दवाचा त्रास अधिक होतो. थंड हवा उतारावरून काठाशी येऊन साचते, त्यात पाण्याचा ओलावा मिसळतो आणि पहाटे तंबूचे कापड आतून ठिबकू लागते. पाण्यालगतची जागा कितीही मोहक वाटली, तरी तंबू वर, झाडांखाली लावावा आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात.

कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी सोडले जात असल्याने दिवाळीनंतर काठ हळूहळू खाली सरकतो. कार्तिकात तंबूपासून हाकेच्या अंतरावर असलेले पाणी चैत्रात लाल चिखलाच्या पायऱ्या उतरून आणावे लागते. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. जेवण यजमानांच्या घरून येते, आणि गरम नाचणीची भाकरी, पिठले व खर्डा असताना आणखी काही लागत नाही.

पलीकडच्या तीरावर कोयना अभयारण्य आहे. ते १९८५ साली घोषित झाले आणि २०१० पासून चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथल्या वासोटा किल्ल्यावर वन विभागाची परवानगी घेऊन होडीने जाता येते, पण संध्याकाळच्या आत परतावेच लागते. तिथे मुक्कामाला परवानगी नाही. गुपचूप राहण्यासाठी होडीवाल्याला गळ घालणारे पर्यटक पाहिले की फार वाईट वाटते, कारण पकडले गेल्यास पोट जाते ते त्या होडीवाल्याचे. अलीकडच्या काठावर राहूनही जंगल पुरेसे भेटते: रात्री रातवा पक्ष्याचा ठोका अखंड चालू असतो आणि सकाळी ओल्या चिखलात गव्याच्या खुरांचे ताजे ठसे दिसतात. शेजारच्या तंबूत स्पीकर लागला की यांतले काहीही उरत नाही, म्हणून आरक्षण करतानाच त्याविषयी स्पष्ट विचारून घ्यावे.

जळण यजमान देतात. रानातून काटकी आणू नये. माघ सरल्यावर गवत वाळते आणि एका ठिणगीने डोंगर पेटू शकतो, म्हणून तेव्हापासून ते शेकोटी बंद करतात. काही पाहुणे त्यावरून हुज्जत घालतात, पण हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. कचरा नेण्याची सोय तिथे नाही, त्यामुळे आपली पिशवी आपणच साताऱ्याला परत आणावी.

गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना तो संडास आणि जमिनीवरचे झोपणे सोसणार नाही. त्यांच्यासाठी बामणोलीत खोली घेऊन दिवसा काठावर यावे. इतरांनी मार्गशीर्षातले आडवार निवडावेत आणि उजेड असतानाच पोहोचावे.