हॉस्टेलचा विद्यार्थी की घरून येणारा: कॉलेजजवळच्या सायकल दुकानात आधी कोणता माल भरावा?

हेल्मेट, दिवा आणि कुलूप असा एकच संच बांधून 'कॉलेजच्या मुलांसाठी' म्हणून दुकानात मांडायचा विचार असेल तर थोडे थांबा. गोव्यात कॉलेजला सायकल वापरणारी मुले दोन अगदी वेगळ्या परिस्थितीत ती चालवतात. ताळगाव पठारावरचे विद्यापीठ, झुआरीनगरचा बिट्स कॅम्पस, फर्मागुडी किंवा कुंकळ्ळी इथे हॉस्टेलवर राहणाऱ्याची सायकल हॉस्टेल, वर्ग, मेस आणि फार तर फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत फिरते. दिवाडी-चोडणहून फेरीबोट धरून येणारी किंवा जवळच्या गावातून म्हापसा, मडगावच्या कॉलेजात जाणारी मुलगी मात्र रोज बस, ट्रक आणि भाड्याच्या मोटारींच्या मधून वाट काढते. पहिल्याला चिंता सायकलची, दुसरीच्या घरच्यांना चिंता तिची. दुकानात कशाला किती जागा द्यायची, हे यावरूनच ठरवावे.

गिऱ्हाईक ओळखायचे कसे

"सुरक्षेसाठी काय हवे?" असे विचारले तर उत्तर येते "काही नको", आणि गिऱ्हाईक निघून जाते. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारावेत. रात्री सायकल कुठे असते? शेवटचा तास किंवा क्लास किती वाजता सुटतो? वाटेत रस्त्यावर दिवे नसलेला पट्टा कुठे लागतो? पहिल्या उत्तरावरून कुलूप ठरते, दुसऱ्यावरून दिवा आणि तिसऱ्यावरून त्या दिव्याची ताकद. पैसे कोण देणार, हेही लक्षात घ्या. हॉस्टेलचा मुलगा खिशातून देतो आणि बहुतेकदा पास होऊन जाणाऱ्या सीनियरची जुनी सायकल घेतो. घरून येणाऱ्यांबरोबर पहिल्या खरेदीला आई-वडील असतात. त्यांना एखादी वस्तू का हवी हे नीट सांगितले, तर ते चांगल्या मालाला नाही म्हणत नाहीत.

दिवे

घरून येणाऱ्यांसाठी हाच सर्वांत महत्त्वाचा माल. पावसाळ्यात संध्याकाळी सहालाच अंधारून येते आणि गुरे उबेला डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस दिसायची तर पुढचा दिवा निदान २०० ते ३०० ल्युमेनचा हवा (ल्युमेन म्हणजे उजेडाचे माप). कॅम्पसमध्ये खांबांवर दिवे असतात, तिथे फक्त दुसऱ्याला दिसण्यापुरता ५० ल्युमेनचा दिवा चालतो. उगाच महागडा दिवा हॉस्टेलच्या मुलाच्या गळ्यात मारू नये.

दिवा किती पाणी सोसतो, हे खोक्यावरच्या आयपीएक्स आकड्यावरून कळते. आयपीएक्स४ लिहिलेले असेल तर तो दिवा शिंतोड्यांपुरताच. जुलैतल्या आडव्या पावसात आयपीएक्स६ किंवा त्यावरचा घ्यावा. दिवा बंद पडतो तो बहुधा चार्जिंगच्या छिद्रावरची रबरी टोपी नीट न बसल्याने: आत पाणी शिरते, खारी हवा असतेच, आणि पिना हिरव्या पडतात. दिवा विकताना टोपी दाबून दाखवा आणि ओला दिवा चार्जिंगला लावू नये, हेही सांगा. टाइप-सीचेच दिवे ठेवा, म्हणजे फोनचीच वायर चालते. चार्ज करायला विसरणाऱ्यांसाठी पेन्सिल सेलवरचे थोडे दिवे असावेत, कारण सेल वाड्यावरच्या दुकानातही मिळतात. टायरला घासून चालणारा जुना डायनॅमो पावसासाठी देऊ नये. ओल्या टायरवर त्याचे चाक घसरते आणि नेमका गरजेच्या वेळी उजेड जातो.

मागचा लाल दिवा लोक सीटच्या दांड्यावर लावतात. पावसात दप्तरासकट अंगावर घेतलेला रेनकोट सीटमागे लोंबतो आणि दिवा त्याखाली पूर्ण झाकला जातो. चालवणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. म्हणून दिवा कॅरियरच्या मागच्या टोकाला किंवा मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या डाव्या-उजव्या दांड्यांपैकी उजव्यावर बसवून द्या. मुलाला रेनकोट घालून सीटवर बसवा आणि मागून स्वतः बघा. दुकानात एवढी दोन मिनिटे दिली तर गिऱ्हाईक पुन्हा येते.

रिफ्लेक्टर दोघांनाही हवेत. सीनियरकडून आलेल्या सायकलीवर ते बहुधा तुटलेले असतात. पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर आधी बसवा. ते पायाबरोबर वरखाली होतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे मागच्या ड्रायव्हरला लांबूनच कळते. मात्र समोरून उजेड पडल्याशिवाय रिफ्लेक्टर चमकत नाही, तेव्हा तो दिव्याची जागा घेत नाही.

ब्रेक

या भागाकडे दुकानदारांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि गोव्यात तर ते परवडणारे नाही. आपली बरीच कॉलेजे पठारावर आहेत; सकाळी चढ आणि संध्याकाळी उतार. फर्मागुडीहून फोंड्याकडे किंवा ताळगाव पठारावरून खाली येताना ओली रिम पकडायला वेळ लागतो. ब्रेकच्या रबराला आधी पाणी पुसून काढावे लागते, तोवर सायकल पुढे गेलेली असते. लोखंडी रिमवर हे जास्तच होते, अॅल्युमिनियमवर कमी. त्यात तांबडी माती रबर पॉलिश पेपरसारखी खाते. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की ते बदलायचेच. रुतलेले खडे आणि धातूचे कण सुईने काढले नाहीत तर रिम कापली जाते.

हॉस्टेलच्या मुलांना डिस्क ब्रेक आवडतात. पावसात ते बरे, पण चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडाला की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चालते, पॅड मात्र तेल प्यायलेले असतील तर नवेच घालावे लागतात. म्हणून चेन ऑइल स्प्रेऐवजी थेंबाच्या बाटलीतले विका.

आतली ब्रेक वायर स्टेनलेस स्टीलचीच ठेवा. साधी वायर खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून म्यानात, म्हणजे बाहेरच्या नळीत, अडकू लागते. लिव्हर सोडला तरी परतत नाही, अशी तक्रार आली की समजायचे. तपासणी सोपी आहे: लिव्हर पूर्ण दाबल्यावर तो आणि हँडल यांत दोन बोटे जागा उरली पाहिजे, आणि फक्त पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलली तर पुढचे चाक फिरता कामा नये.

कुलूप

इथे पारडे उलटे होते. घरून येणाऱ्याची सायकल दिवसा चार-पाच तास लोकांच्या नजरेसमोर असते. जाड केबलचे कुलूप तिला पुरते. हॉस्टेलची सायकल रात्रभर आणि चवथीच्या सुट्टीत आठवडाभर एकाच जागी उभी असते. चोराला वेळ मिळाला की केबल साध्या कटरने तुटते. तिथे १४ मिलिमीटर किंवा जास्त जाडीच्या कडक पोलादाचे यू-लॉक द्या. पण आधी त्या हॉस्टेलच्या स्टँडवर जाऊन पाइपाची जाडी मोजा. पाइप जाड असेल तर आखूड यू-लॉक त्याला वेढत नाही, आणि मुलगा मग नुसत्या पुढच्या चाकाला लावून मोकळा होतो. चाक झटक्यात निघणाऱ्या लिव्हरचे असेल तर सकाळी कुलूप आणि चाक तेवढे उरते. कुलूप फ्रेम आणि मागचे चाक दोन्हींतून गेले पाहिजे. नंबरचे कुलूप समुद्राजवळ टाळा, त्याच्या चकत्या गंजून अडकतात.

हेल्मेट

सायकलला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे ते समजावूनच विकावे लागते. कॅम्पसच्या आत ते फारसे कोणी घालत नाही. घरून येणाऱ्यांसाठी मात्र ठेवाच, विशेषतः वेर्णा–वास्को रस्त्यावर ट्रक-टँकरच्या बाजूने चालवणाऱ्यांसाठी. स्कूटरचे हेल्मेट देऊ नका. ते जड आणि बंद असते, चढावर घामाने जीव नकोसा होतो आणि शेवटी ते हँडलला लटकते. हेल्मेटच्या आत ईएन १०७८ (युरोपीय मानक) किंवा सीपीएससीचा (अमेरिकी मानक) शिक्का बघा. भुवयांच्या वर दोन बोटांवरून टेपने डोके मोजा. पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळावेत, हनुवटीखाली दोन बोटे शिरावीत. वेणी किंवा अंबाडा असेल तर मागची चकती वर सरकते, तेव्हा केस बांधूनच माप घ्यावे. आतल्या गाद्या पावसात बुरशी धरतात; सुटे संच ठेवले तर खपतील. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलायचे, आतला फोम दबलेला असतो.

ओढणी घेणाऱ्या मुलींसाठी चेन कव्हर आणि मागच्या चाकाचा ड्रेस गार्ड ही हेल्मेटच्या आधीची गरज आहे. आकर्षक गिअर सायकलींवर दोन्ही नसतात. चाकात ओढणी अडकली तर सावरायला वेळच मिळत नाही.

पैसे कुठे घालावेत

दुकान शहरातल्या किंवा तालुक्याच्या कॉलेजजवळ असेल तर पहिल्या खेपेतले निम्मे भांडवल दिव्यांत, पाव ब्रेकच्या रबरांत, वायरींत आणि लांब मडगार्डांत, उरलेले हेल्मेट व ड्रेस गार्डमध्ये घाला. यू-लॉक दोनच पुरेत. दुकान हॉस्टेलच्या कॅम्पसजवळ असेल तर निम्मे कुलपांत घाला आणि बाकीचे डिस्क पॅड, रिफ्लेक्टर, लहान दिवे यांत वाटा. तिथे जुन्या सायकलीची ठरलेल्या दरात तपासणी ठेवलीत तर सामान वेगळे विकावे लागणार नाही: ब्रेक, वायर, टायर, रिफ्लेक्टर मुलासमोर तपासून कागदावर लिहून द्या. घरून येणाऱ्यांसाठी माल मेअखेरीस दुकानात हवा, कारण जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर रबरे आणि दिवे मागवायला वेळ उरत नाही.