आयएसएलचा एक अख्खा मोसम, नाशिकमधून

फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा (आयएसएलचा) २०२४-२५चा मोसम १३ सप्टेंबरला सुरू झाला आणि १२ एप्रिलला संपला. तेरा संघ, साखळीतल्या १५६ मॅच, त्यावर प्लेऑफ. सगळ्या १५६ पाहिल्या असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मी मुंबई सिटीच्या जवळजवळ सगळ्या, मोहन बागानच्या बऱ्याचशा आणि बाकीच्या जेवता जेवता पाहिल्या. अंबडला नोकरी, इंदिरानगरला घर आणि रिमोटवर हक्क सांगणारी घरातली बाकीची मंडळी, यात जमतं तेवढं. फायनलनंतर मुद्दाम थांबलो. फायनल पाहून लगेच लिहायला बसलं की सगळाच मोसम भारी वाटतो.

मुंबई सिटीच का, असं विचारणाऱ्यांसाठी: जवळ दुसरं आहेच कोण? पुण्याचा संघ २०१९मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद आलं. तेव्हापासून देशाच्या वरच्या लीगमध्ये महाराष्ट्राचा हा एकच संघ, तोही अंधेरीत खेळणारा. आमच्या कंपनीत एक कोल्हापूरचा गडी आहे. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ या तिथल्या फुटबॉलच्या लढती बघत मोठा झालेला. त्याच्या मते टीम निवडायची नसते. ‘हरल्यावरही जेवण गोड लागलं तर ती टीम तुमची नव्हेच,’ हे त्याचं माप. या मापाने मुंबई सिटी माझी व्हायला डिसेंबर उजाडला. नवीन बघणाऱ्याने एवढा वेळ हाताशी ठेवावा. पहिल्या पाच-सहा मॅचमध्ये काहीच आतून हलत नाही, आणि बहुतेक लोक तिथेच सोडतात.

वेळेचं आधी सांगतो, कारण संसारी माणसाला तोच प्रश्न पडतो. बहुतेक मॅच संध्याकाळी साडेसातच्या, दोन असल्या की पहिली पाचची. साडेसात म्हणजे आमच्या घरी कुकरच्या शिट्ट्या, मुलाचा अभ्यास आणि आईच्या मालिका, सगळं एकदम. पहिलीच मॅच गणपतीत आली, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. सोसायटीच्या मंडळाची आरती साडेसातला आणि कोलकात्यात मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटीही साडेसातला. आरती, मंत्रपुष्पांजली, प्रसाद उरकून वर आलो तेव्हा मुंबई ०-२ने मागे, आणि त्यातला एक गोल मुंबईच्याच तिरीचा स्वयंगोल. दुसऱ्या अर्धात त्याच तिरीने समोरच्या जाळ्यात गोल मारला आणि अगदी शेवटी थाएर क्रूमाने बरोबरी केली. २-२. सुरुवात चांगलीच झाली म्हणायची.

प्रक्षेपणाबद्दल फार लिहीत नाही. आमच्या इथे चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं. त्यामुळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘गोऽऽल’ आधी येतो आणि टीव्हीवर तोवर गोलरक्षक चेंडू ठेवून गोल-किकची तयारी करत असतो. मॅचच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. समालोचन हिंदीत ऐकलं. केरळ ब्लास्टर्सची मॅच असली की मात्र मल्याळम लावायचो. एक अक्षर कळत नाही, पण त्यांचा जीव त्यात आहे हे कळतं.

आता खेळ. रात्री साडेबाराला मँचेस्टर आणि माद्रिद बघणाऱ्यांचा ठरलेला शेरा म्हणजे ‘वेग नाही’. वेग कमी आहे, खरं आहे. पहिले वीस मिनिटं मध्यरेषेवर नुसती मारामारी चालते आणि सत्तराव्या मिनिटानंतर अर्धे खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे असतात. पण त्याच सत्तराव्या मिनिटानंतर या लीगमध्ये जे काय होतं ते होतं. संघ फाटतात, मोकळ्या जागा दिसायला लागतात आणि शेवटची दहा मिनिटं बसवत नाही. वेळ कमी असेल तर मॅच साठाव्या मिनिटापासून लावा. हा सल्ला मी अगदी गंभीरपणे देतोय.

चांगलं काय पाहिलं ते एकेक करून सांगायला बसलो तर रात्र जाईल. पण नोव्हेंबरातली ईस्ट बंगाल विरुद्ध मोहम्मडन ही मॅच सोडवत नाही. ईस्ट बंगालने मोसमातल्या पहिल्या सहाच्या सहा मॅच हरल्या होत्या. सातव्या मॅचमध्ये अर्धा तास व्हायच्या आत त्यांचे दोन खेळाडू, नंदकुमार आणि महेश, मिनिटभराच्या अंतराने लाल कार्ड घेऊन बाहेर. उरले नऊ. दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता. चिवड्याचा डबा पुढ्यात घेऊन मी म्हटलं, आता पाच तरी पडतील. एकही पडला नाही. तासाभराहून जास्त वेळ नऊ जणांनी गोल राखला आणि ०-०वर मोसमातला पहिला गुण घेतला. आमचा चिरंजीव, ज्याला मेस्सीखेरीज कुणी दिसत नाही, तोही अभ्यास सोडून जमिनीवर मांडी ठोकून बसला होता. ज्या मॅचमध्ये गोलच झाला नाही ती मोसमातली सगळ्यात थरारक मॅच, हे फुटबॉल न बघणाऱ्याला समजावताना नाकी नऊ येतात.

दुसरं नाव अलाएद्दीन अजराई. नॉर्थईस्ट युनायटेडचा हा मोरोक्कन. एका मोसमात १८ गोल हा लीगचा जुना विक्रम होता, कोरो आणि ओगबेचे यांच्या नावावर. याने २३ मारले. डाव्या बाजूने चेंडू घेऊन आत वळतो, हे तेरा संघांच्या सगळ्या बचावपटूंना माहीत, मला इंदिरानगरात बसून माहीत, तरी कुणाला थांबवता येईना. आणि सुनील छेत्री. जून २०२४मध्ये देशासाठी शेवटची मॅच खेळून निवृत्त झाला होता. लीगमध्ये चाळिशीत १४ गोल केले, त्यात केरळविरुद्ध हॅटट्रिक, आणि मार्चमध्ये पुन्हा भारताच्या संघात बोलावणं आलं. छेत्रीचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण चाळीस वर्षांच्या माणसाला परत बोलवावं लागतं, यात खालच्या फळीबद्दल जे कळायचं ते कळतं. परदेशी स्ट्रायकर पुढे उभे करून गोल घेणाऱ्या लीगला हा हिशोब कधीतरी द्यावा लागेल.

कोलकात्याची दुसरी डर्बी, म्हणजे त्याच शहरातल्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची मॅच, ११ जानेवारीला चक्क गुवाहाटीत झाली, कारण गंगासागर मेळ्याच्या बंदोबस्तामुळे कोलकात्यात पोलीस पुरेसे नव्हते. ग्रुपवरच्या पुण्या-मुंबईच्या लोकांनी यावर बरीच थट्टा केली. सिंहस्थ पाहिलेल्या नाशिककराला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर बंदोबस्त लावायचा आणि त्याच दिवशी इथे डर्बीही खेळवायची, असं कुणी म्हणून तर बघावं. मॅच मात्र दुसऱ्याच मिनिटाला मोहन बागानच्या जेमी मॅक्लारेनने संपवली. १-०.

एकदा तरी मैदानात जा, हे ठासून सांगतो. १ मार्चला मोहन बागान अंधेरीत होतं, शनिवार होता, गेलो. अंधेरीचं क्रीडा संकुल, जवळ मेट्रोचं आझाद नगर स्टेशन. मैदान लहान आहे, त्यामुळे खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते बरंचसं ऐकू येतं. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, म्हणून मुंबईचा छांगटे तुम्हाला फक्त चेंडू पायात आल्यावर दिसतो. मैदानात दिसतं की त्याआधी पाच मिनिटं तो रेषेला चिकटून उभा असतो, मागच्या बचावपटूला जरा पुढे, जरा मागे नाचवत. चेंडू येतो तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. त्या दिवशीही मुंबई ०-२ने मागे पडली आणि पुन्हा २-२ केली, बरोबरीचा गोल पोराने, नेथन रॉड्रिग्सने, अगदी शेवटी मारला. पुढे लीग आणि कप दोन्ही जिंकणाऱ्या संघाला मुंबईने दोन्ही वेळा असं मागून येऊन रोखलं, हे लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

परतीचं सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. पंचवटी एक्सप्रेस संध्याकाळीच मुंबई सोडते, तेव्हा रात्रीच्या मॅचला तिचा उपयोग शून्य. ठाण्यापर्यंत या आणि रात्रीची बस पकडा, नाहीतर चौघे मिळून गाडी करा. कसारा घाट रात्री ट्रकांमागे चढायचा आणि घोटीला चहा प्यायचा. घरी पोचेपर्यंत दूधवाले निघालेले असतात.

आता तक्रार. माझ्या मते या लीगचा खरा दोष खेळात नाही, रचनेत आहे. वर यायचा रस्ता आता आहे, पंजाब आणि मग मोहम्मडन आय-लीग ही खालची लीग जिंकून वर आले. खाली जायचा रस्ता या मोसमात नव्हता. मोहम्मडन २४ मॅचमध्ये १३ गुण घेऊन तळाला राहिलं, त्यांच्या वर हैदराबाद १८वर. दोघांचं काहीच बिघडलं नाही. त्यामुळे जानेवारीनंतर खालच्या चार-पाच संघांच्या मॅच बघणं म्हणजे निकाल लागल्यावर परीक्षेला बसण्यासारखं आहे. वरही तेच. मोहन बागानने लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येण्याचा मान, २३ फेब्रुवारीला, दोन मॅच बाकी असतानाच, नक्की केली. तीही तारीख बघा. दुबईत भारत-पाकिस्तान चालू. सगळं नाशिक कोहलीच्या शतकाकडे डोळे लावून बसलेलं, आणि तिकडे कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ओडिशाविरुद्ध ०-० असताना भरपाई वेळेत दिमित्री पेट्राटोसने गोल मारला. आमच्या कॉलनीत फटाके फुटले, ते कुणासाठी हे सांगायला नको. पेट्राटोससाठी मी एकटाच उठून उभा राहिलो, तेही दुसऱ्या खोलीत मोबाइलवर.

बरं, ५६ गुण घेऊन लीग जिंकली तरी मोसम संपत नाही. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसरा ते सहावा यांच्यात बाद फेरी, मग कप. लीगचा किताब वेगळा, कपचा वेगळा. घरच्यांना हे समजावता समजावता मीच कंटाळलो. तरी कबूल करायला हवं की प्लेऑफ नसते तर मार्च-एप्रिल ओस गेले असते.

मुंबईसाठी गेले असते तर बरं झालं असतं. ११ मार्चला बंगळुरूत जाऊन बंगळुरूलाच २-०ने हरवलं आणि सहावं स्थान पक्कं केलं. २९ मार्चला, गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी, त्याच मैदानावर, त्याच संघाविरुद्ध ०-५. पाचवा गोल होर्हे पेरेरा दियासचा, जो आदल्या मोसमापर्यंत मुंबईचा होता. इथे मुद्दा येतो. मे २०२४मध्ये मोहन बागानला ३-१ने हरवून मुंबईने कप जिंकला, त्या संघातला दियास, नोगेरा आणि आपला राहुल भेके त्याच उन्हाळ्यात बंगळुरूला गेले. मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानला गेला. एप्रिलमध्ये उपांत्य फेरीत जमशेदपूरविरुद्ध भरपाई वेळेत लांबून गोल मारून मोहन बागानला फायनलला कुणी नेलं? अपुइयाने. फायनल कुणात? मोहन बागान आणि बंगळुरू. म्हणजे मुंबईचा फोडलेला संघ दोन्हीकडून फायनल खेळला आणि मुंबई घरी बसली. असा संघ एका उन्हाळ्यात सुटतो तेव्हा दोन २-२च्या बरोबऱ्या कुठवर पुरणार? पाडव्याला श्रीखंड गोड लागलं नाही. कोल्हापूरकराला सांगितलं, तो म्हणाला, ‘आता झाली तुमची टीम.’

फायनल १२ एप्रिलला, हनुमान जयंतीला. दिवसभर अंजनेरीला गर्दी, आम्ही दर्शन घेऊन संध्याकाळपर्यंत परत. मोहन बागानच्याच अल्बर्टो रॉड्रिगेझच्या स्वयंगोलाने बंगळुरू पुढे, कमिन्सने पेनल्टीवर बरोबरी, आणि जादा वेळेत मॅक्लारेन. मोहन बागान २-१. भेकेच्या हातात कप दिसावा असं वाटत होतं, तेवढं राहिलं.

हे सगळं वाचून पुढचा मोसम बघायचा ठरवत असाल तर आधी हे ऐका. ११ जुलै २०२५ला लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवलं होतं की २०२५-२६चा मोसम तूर्त थांबवला आहे. भारतीय फुटबॉल महासंघाशी २०१०मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ला संपणार होता आणि पुढचा तेव्हा झालेला नव्हता. म्हणजे सप्टेंबरात सुरू होणारी लीग मध्येच बिनकराराची झाली असती, म्हणून सुरूच करायची नाही. खेळाडूंच्या पोटापाण्याचं काय, हे तेव्हा कुणी बोलत नव्हतं. क्रिकेटमध्ये असं झालं असतं तर संसदेत प्रश्न आला असता.

माझं मत विचाराल तर पाचपैकी साडेतीन. खेळाला चार, मोसमाच्या आखणीला दोन, मैदानातल्या अनुभवाला पाच. सरासरी काढायला बसू नका, साडेतीनच. नवा मोसम जाहीर झाला की प्रक्षेपणाचे वर्षाचे पैसे आधी भरू नका, महिन्या-महिन्याने घ्या. सुरुवात नॉर्थईस्ट किंवा गोव्याच्या मॅचने करा, बघायला मोकळ्या असतात. मुलं असतील तर पाचची मॅच लावा. आणि अंधेरीला जायचं असेल तर मला कळवा, गाडीत दोन जागा रिकाम्या असतात.