गेंथेच्या नर्तकी आणि माझी रेखाटनवही: काही महिन्यांच्या वापरानंतर

रोज सकाळी हात मोकळा करायला दोन-दोन मिनिटांची झटपट रेखाटनं करायची, ही माझी सवय जुनीच. बदलला तो समोरचा फोटो. पावसाळ्याच्या सुरुवातीला पोझ देणाऱ्या मॉडेल्सच्या साइटचं सदस्यत्व बंद केलं आणि तेव्हापासून अर्नोल्ड गेंथे या छायाचित्रकाराने टिपलेल्या नर्तकी वापरतेय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर त्याचा हजारो निगेटिव्हचा साठा आहे. बघायला पैसे पडत नाहीत, फायली उतरवूनही घेता येतात.

गेंथे मूळचा बर्लिनचा, जन्म १८६९. भाषाशास्त्रातला डॉक्टरेट. १८९५ साली एका मुलाचा शिक्षक म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि तिथल्या चायनाटाउनमध्ये छोटा कॅमेरा लपवून फोटो काढू लागला. समोरच्याला पत्ता लागायच्या आत बटण दाबायची ही खोड त्याने पुढे स्टुडिओतही सोडली नाही. १९११ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, १९१६ मध्ये त्याचं ‘द बुक ऑफ द डान्स’ आलं. इसाडोरा डंकन, तिच्या शिष्या, अॅना पावलोव्हा, रूथ सेंट डेनिस अशी सगळी मंडळी त्याच्यासमोर नाचून गेली.

आता वापराबद्दल. पहिले काही दिवस वैताग आला. हाताची बोटं धूसर, झग्याची कड विरघळलेली, चेहरा तर कित्येकदा नुसता उजेडाचा ठिपका. पैसे भरून मिळणाऱ्या फोटोंत नखसुद्धा स्पष्ट दिसतं, त्याची सवय झालेली. पण गंमत अशी की बोटं दिसतच नाहीत म्हटल्यावर पेन्सिल आपोआप पाठीच्या कण्याकडे वळते. बाह्यरेषा गिरवत बसायची सोयच उरत नाही. वजन कुठल्या पायावर आहे, कंबर कुठे वळली, छाती कुठे उचलली, एवढंच हाताशी राहतं. आणि जेश्चर ड्रॉइंगमध्ये, म्हणजे शरीराची हालचाल पकडणाऱ्या या झटपट रेखाटनात, हवं असतं ते एवढंच.

इसाडोराचा एक फोटो मी पुन्हा पुन्हा रेखाटते. अनवाणी पाय, मागची टाच उचललेली, मान मागे टाकलेली, अंगात पातळ, सैल ट्यूनिक (झगा). शरीर डावीकडे वळून झालंय, पण कापडाच्या चुण्या अजून उजवीकडेच रेंगाळताहेत. त्या चुण्यांवरून आधीच्या क्षणी ती कुठे होती ते कळतं. म्हणजे एका फोटोत दोन क्षण. हालचाल हातापायांतून नाही, छातीच्या खाली, पोटाच्या वर जो मध्य आहे तिथून उगवते, असं ती म्हणायची. वाचताना मला हे जरा हवेतलं वाटायचं. तो मध्य आधी टाकून मग हात काढले की रेखाटन उभं राहतं आणि उलट केलं की कोसळतं, हे मात्र आता रोज बघतेय. तिच्या नाचाची फिल्म जवळजवळ नाहीच, त्यामुळे या फोटोंचं मोल आणखी वाढतं.

त्या काळी ‘कलात्मक’ म्हणून काढलेली नग्नचित्रंही याच सुमारास चाळली. बरीचशी कंटाळवाणी. मडकं घेऊन उभी ग्रीक देवी, डोळे खाली, मॉडेलचं नावही कुठे नाही. नर्तकींचं तसं नाही. इथे शरीर कामाला लागलेलं असतं. पोटरी ताठलेली, तळवा मळलेला, आणि आपण काय करतोय हे त्या बाईला पक्कं ठाऊक आहे. कॉर्सेट (कंबर आवळणारी चोळी) आणि बॅलेचे बूट झुगारून दिलेल्या बाईचा श्वास बरगड्यांत दिसतो. तो कॉर्सेटवालीत कुठून दिसणार?

रूथ सेंट डेनिसपाशी हसू येतं. १९०६ मध्ये तिने ‘राधा’ नावाचं नृत्य बसवलं. हातांच्या मुद्रा बघून आपल्याकडे दोन वर्षं कथक शिकलेली पोरगीही भुवई उंचावेल. पाठ मात्र काय कमावलेली आहे! हात झाकून पाठच काढा.

तुलनेसाठी व्हिएन्नाचा छायाचित्रकार रुडॉल्फ कोपिट्झ याचा १९२५ चा ‘बेवेगुंग्सस्टुडी’ (हालचालीचा अभ्यास) हा फोटोही रेखाटून पाहिला. मान मागे टाकलेली नग्न नर्तकी आणि तिच्यामागे काळ्या वस्त्रांतल्या तिघी. भिंतीवर लावावा असा फोटो, रचना अजोड. सरावाला मात्र निरुपयोगी, कारण त्यात सगळं आधीच ठरलेलं आहे. नक्कल केली की पोस्टर होतं. छायाचित्रकार स्टायकेनने अथेन्सच्या पार्थेनन मंदिराच्या खांबांमध्ये टिपलेली इसाडोरा तशीच, बघत बसायला सुरेख. पण खांबांपुढे ती इतकी लहान दिसते की रेखाटणार काय?

अडचणी आहेतच. छायाभेदाच्या अभ्यासाला हे फोटो घेऊ नका. त्या काळच्या बहुतेक फोटोच्या काचेच्या प्लेटना लाल रंग दिसत नसे, त्यामुळे ओठ काळे आणि कातडी आहे त्यापेक्षा गडद येते. निगेटिव्ह कुठे तडकलेल्या, कुठे डाग पडलेले. गेंथे १९४२ मध्ये वारला आणि साठा त्याच्यानंतर लायब्ररीकडे गेला, म्हणून कित्येक फोटोंवर ‘१९११ ते १९४२ दरम्यान’ अशी ऐसपैस तारीख आहे. काही जणींची नावंही हरवली आहेत. त्याच्या मांजराचं नाव, बझर, मात्र शाबूत! कितीतरी बायकांच्या मांडीवर ते ऐटीत बसलेलं सापडतं. त्यात अर्धी सकाळ जाते, आधीच सांगून ठेवते.

प्रिंट काढणार असाल तर छपाईवाल्याला ‘ऑटो करेक्शन’ बंद ठेवायला बजावा. आमच्या भागातल्या एकाने फोटो ‘क्लिअर’ करून दिले आणि धूसर कडा सगळ्या कापल्या गेल्या. मी आता टॅबवरच बघते, शेजारी न्यूजप्रिंट आणि कोळसा.

शोधताना नुसतं ‘डान्सर’ टाकलं तर ढिगारा येतो. आडनाव आधी टाका: ‘डंकन, इसाडोरा’, अर्थात इंग्रजीत. तिच्या शिष्यांपैकी अॅना डंकनपासून सुरुवात करा. तिच्या पोझ नवशिक्यालाही झेपतात. पावलोव्हा नंतर घ्या, पायाच्या बोटांवरचा तोल दोन मिनिटांत धरणं मला अजूनही जमत नाही.