फेस कुणाचा पुरतो? डुकराच्या केसांचा ब्रश आणि सिंथेटिक

दाढीसाठी डुकराच्या केसांचा ब्रश घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिल्या काही आठवड्यांतली तक्रार एकच असते: फेस पुरत नाही. सुलटी दाढी कशीबशी निभते. उलट्या दाढीसाठी ब्रश परत गालावर फिरवला की कळतं, फेस संपलाय, उरलंय ते साबणाचं पाणी. मग माणूस वैतागून सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांचा ब्रश मागवतो, त्याला पहिल्याच सकाळी मगभर फेस येतो आणि केसांचा ब्रश कपाटात मागे सरकतो. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही भरपूर वापरून झालेत. कोणता घेऊ असं कुणी विचारलं तर मी आधी उलट प्रश्न करतो: घरी पाणी कुठलं येतं, सकाळी घाई किती असते, आणि कोणता त्रास तुम्ही निमूट सोसू शकता?

बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा ब्रश या तुलनेत घेत नाही. तो मऊ असतो, पाणीही छान धरतो, पण बराच महाग पडतो. तेवढे पैसे घालणाऱ्याला बहुधा सल्ला नको असतो.

फेसाचा सगळा खेळ केसात आहे. डुकराचा केस जाड असतो आणि पाणी पितो. नवा असताना त्याचं टोक ताठ, राठ असतं. वापरता वापरता टोकाशी तो चिरत जातो, एकाचे दोन-तीन धागे होतात. हे चिरलेले धागेच फेस धरतात आणि गालाला मऊ लागतात, बुडाशी केस मात्र ताठच राहतो. टोकं चिरेपर्यंत ब्रश पाणीही पितो आणि साबणही गिळतो. सिंथेटिकचा धागा पाणी पीतच नाही. पाणी राहतं ते धाग्यांच्या मधल्या फटींत. म्हणून तो पहिल्या दिवसापासून तयार असतो, आणि म्हणूनच त्याची ती खोडही आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आमच्या वडिलांच्या पिढीने सिंथेटिकला नावं ठेवली ती जुन्या नायलॉनच्या ब्रशमुळे. तो खरोखरच गाल खरवडायचा. आजचा धागा वेगळा आहे, टोकाला निमुळता आणि मऊ. त्यामुळे नागपुरात सीताबर्डीवर कधीकाळी घेतलेल्या प्लॅस्टिकच्या दांडीच्या ब्रशवरून मत बनवू नका.

नागपुरात ब्रशच्या आधी पाण्याचं बोलावं लागतं. नळाला पेंचचं किंवा कन्हानचं पाणी असेल तर फार अडचण येत नाही. पण बेसा, मनीषनगर किंवा त्याच्याही पलीकडे नव्या लेआउटमध्ये बोरिंगवर भागवत असाल, बादलीवर पांढरा थर चढत असेल, तर फेस बसतो त्यात ब्रशचा दोष थोडाच आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा चिकट साका करतं. तेवढा साबण फेसाच्या कामातून गेलाच. घासून घासून फेस उभा राहतो आणि गालावर पोचेपर्यंत खाली बसतो. सिंथेटिकला मुळात साबण कमी लागतो, त्यामुळे तिथे हे जरा झाकलं जातं. केसांचा ब्रश नवा असेल तर दोन्ही संकटं एकदमच येतात.

यावर मला सापडलेला उपाय स्वस्त आहे. स्वयंपाकघरातल्या आरओचं प्यायचं पाणी पेलाभर घ्यायचं, कोमट करायचं आणि दाढीपुरतं तेच वापरायचं. ब्रश भिजवायलाही तेच, फेस करायलाही तेच. तोंड धुवायला बोरिंगचं चालतं. फक्त आरओच्या बारक्या नळीतून बाहेर पडणारं जे पाणी आपण फरशी पुसायला साठवतो ते घेऊ नका, त्यात क्षार उलट जास्त असतात. बोरिंगवाल्या घरात ब्रश बदलण्याआधी निदान एवढं करून बघावं असं मला वाटतं. एखादेवेळी खरेदीचीच गरज पडणार नाही.

आता केसांच्या ब्रशकडून फेस काढण्याबद्दल. सकाळचा चहा ठेवला की ब्रश कोमट पाण्यात उभा करायचा, केस बुडतील एवढंच पाणी, दांडी बाहेर. चहा आणि पेपरचं पहिलं पान होईपर्यंत त्याने पाहिजे तेवढं पाणी प्यालेलं असतं. उकळतं पाणी नको, झुपका ज्या गोंदाने बसवलेला असतो तो त्याने सैल पडू शकतो आणि केसही खराब होतात. बाहेर काढून हलकेच पिळा, एकदोन झटके द्या. ब्रश ओला हवा, गळता नको.

पुढची पायरी म्हणजे साबण घेणं, आणि बहुतेक लोक नेमकी इथेच काटकसर करतात. साबणावर ब्रश जरासा फिरवला, थोडे बुडबुडे दिसले की ते थांबतात. थांबू नका. दाबून फिरवा, टोकं पसरू द्या, अर्धा मिनिट, जड पाण्यात त्याहून जास्त. वरचे मोठे बुडबुडे जाऊन टोकांवर दाट मलई दिसायला लागली की साबण पुरेसा आला. गोदरेजचा गोल साबण असो की बाहेरचा महागडा, नियम हाच. ट्यूबमधलं क्रीम असेल तर ते गालावर न लावता ब्रशच्या मधोमध घ्या, आणि जाहिरातीत दाखवतात त्याच्यापेक्षा कमी नको. पाणी त्यानंतर, तेही थेंबाथेंबाने, फक्त टोकं बुडवून. फेस कमी पडतो म्हणून लोक पाणी वाढवतात, तर खरं म्हणजे कमी पडलेला असतो साबण. माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतील.

नव्या ब्रशला वास येतो. जनावराचा केस आहे, येणारच. शाम्पूने दोनतीनदा धुतला की बराच कमी होतो, उरलेला वापराने जातो. लवकर मुरवायचा असेल तर दाढी नसेल त्या दिवशीही भिजवून तळहातावर फेस करा, धुवा, झटकून वाळवा. हा ब्रश कोऱ्या कोल्हापुरी चपलेच्या जातीचा आहे, चावल्याशिवाय पायात बसत नाही. एवढा धीर नसेल तर तसं मान्य करून सिंथेटिक घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

मी मात्र घेऊनही परत केसांकडे वळलो, आणि त्याला कारण झाला एक ओघळ.

सिंथेटिकमध्ये पाणी धाग्याच्या आत जात नाही, हे वर म्हटलंच. ते फटींत बसतं आणि वाट मिळाली की निघतं. ब्रश गालाला लावायचा म्हणजे मूठ खाली आणि कोपर त्याहून खाली. दाबला की झुपक्याच्या बुडातलं पाणी दांडीवरून मनगटावर येतं, तिथून कोपरापर्यंत, आणि कोपरावरून बनियनवर किंवा थेट फरशीवर. मे महिन्यात हे चालवून घेता येतं, गार वाटतं. पण थंडीत? डिसेंबर २०१८च्या अखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. एवढी नाही तरी आठ-दहा अंशांची सकाळ दरवर्षी असतेच, आणि अशा सकाळी स्वेटरच्या बाहीत तो साबणाचा ओघळ शिरला की दिवसाची सुरुवात शिवीने होते. बाही वर करा, तो तिथवरही पोचतो.

मग ब्रश जोरात झटकून कोरडा करून पाहिला. ओघळ थांबला, पण फेस घट्ट झाला, गालावर ओढायला लागला आणि ब्लेड अडखळायला लागलं. पाणी थेंबाने वाढवत गेलो तर बराच वेळ काही होत नाही आणि मग अचानक परत ओघळ. मधली जागा असते, नाही असं नाही. सापडलेल्या लोकांना माझी तक्रार हास्यास्पद वाटेल. मला ती रोज नव्याने शोधावी लागायची. शिवाय हा धागा उसळी मारतो. गोल फिरवून सोडला की फेसाचे शिंतोडे आरशावर, आणि बेसिनच्या कडेवर चष्मा ठेवला असेल तर त्याच्यावरही. आरसा कोण पुसणार, हा प्रश्न आमच्या घरात आतून येतो आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

केसांच्या ब्रशमध्ये पाणी केसाच्या आत असतं. दाबला की तो थोडं सोडतो, उचलला की धरून ठेवतो. मुरलेला ब्रश सुलटी, उलटी आणि हनुवटीखालची राहिलेली डागडुजी या तिन्हींना पुरतो आणि मनगट कोरडं राहतं. आपल्या उन्हाळ्यात याचा आणखी एक फायदा दिसतो. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळून पापुद्रा धरतो. तिथे ब्रश नुसता परत फिरवला तर केसांचा ब्रश स्वतःजवळचं पाणी देऊन तो फेस उठवतो. सिंथेटिक तोवर रिकामा झालेला असतो, त्याला परत बुडवा, आणि परत तो ओघळ. हे मी काही मापून बघितलेलं नाही. माझा गाल, माझं मनगट, एवढाच पुरावा. सगळेच सिंथेटिक सारखे नसतात, दाट झुपक्याचा एखादा कमी गळत असेलही.

सिंथेटिकच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि ते लपवायचं कारण नाही. भिजवणं नाही, मुरवणं नाही. उशीर झालेल्या सकाळी नळाखाली धरला की झालं. प्रवासात तर प्रश्नच नाही. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जायचं असेल तर माझ्याही बॅगेत सिंथेटिकच असतो. केसांचा ओला ब्रश डबीत कोंबून नेला की दुसऱ्या दिवशी डबी उघडवत नाही.

पावसाळा हीदेखील त्याचीच बाजू. जुलै-ऑगस्टमध्ये न्हाणीघरात केसांचा ब्रश दुसऱ्या सकाळपर्यंत नीट वाळत नाही, बुडाशी ओल राहते आणि कुबट वास धरतो. खिडकीच्या जाळीला टांगा किंवा दोन ब्रश ठेवून एकाआड एक वापरा. रोज दाढी करणाऱ्याला हा खर्च धरूनच हिशेब करायला हवा.

आणि केस डुकराचा आहे, हेही आहेच. इतवारीतल्या माझ्या एका मित्राने ते कळल्यावर ब्रश हातातही घेतला नाही, त्याच्या घरी तो चालणारच नव्हता. त्याच्यासाठी तुलना तिथेच संपली, आणि ते बरोबरच आहे. आमच्याकडे आईने एवढंच विचारलं, ‘डुकराचे केस काहून आणले रे घरात?’ १९३८ मध्ये नायलॉनचे टूथब्रश बाजारात यायला लागले, त्याआधी दात घासायचे ब्रश बहुतेक डुकराच्याच केसांचे असत, असं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ब्रश तेव्हापासून देवघराच्या भिंतीपासून लांबच्या फळीवर असतो.

किमतीवरून ठरवू नका. दोन्ही प्रकारांत हजाराच्या आत वापरण्याजोगा ब्रश मिळतो. केसांचाच घ्यायचा ठरला तर इटलीत बोलोन्याच्या ओमेगाचे ब्रश सहसा निराश करत नाहीत. झुपका फार आखूड नको, आखूड केस ताठ राहतो आणि मुरायला जास्त त्रास देतो. पहिले काही दिवस केस गळतील, चारदोन गळाले म्हणून परत पाठवायची घाई नको. झुपक्यानेच गळायला लागले तर मात्र पाठवा.

घ्यायची वेळ म्हणाल तर दिवाळीनंतरची बरी. पाऊस गेलेला असतो, ब्रश रात्रीतून वाळतो, आणि थंडीत कोमट पाण्यात भिजलेला ब्रश गालाला लावायला तसंही बरं वाटतं. उन्हाळा लागेपर्यंत टोकं चिरलेली असतील. जूनमध्ये घेतलात तर मुरवणं आणि बुरशी या दोन्हींशी एकाच वेळी भांडावं लागेल. तोवर चार महिने सिंथेटिकवर काढा.