गूगल फ्लाइट्सवरचा उत्सर्जनाचा आकडा: किलो पाहा, टक्के नको

गूगल फ्लाइट्सवर विमान शोधलं की भाड्याच्या शेजारी उत्सर्जनाचा आकडा येतो, दर प्रवाशामागे किलोमध्ये. त्याखाली टक्के. ते हिरव्या रंगात उणे दिसले की बोट तिकडेच जातं. पण ही तुलना फक्त त्याच मार्गावरच्या नेहमीच्या प्रवासाशी असते. मार्ग लांब पल्ल्याचा असेल तर हिरवी खूण मिरवणारं विमानही माणशी अर्ध्या टनाच्या वर जाऊ शकतं.

किलोचा हिशेब बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. विमानाचा प्रकार आणि अंतर यांवरून इंधन काढतात. किलोभर इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो; तेल उपसणं, शुद्ध करणं, वाहून नेणं धरलं की ३.८ च्या पुढे. मग हा भार आसनाच्या जागेनुसार वाटला जातो. रुंद, दोन मार्गिकांच्या विमानात बिझनेसच्या आसनावर इकॉनॉमीच्या चौपट, फर्स्टवर पाचपट. अरुंद विमानात बिझनेसवर दीडपटच. म्हणून वर्ग आधी निवडा, मगच आकडे ताडून बघा.

क्रम उत्सर्जनानुसार लावा आणि ओळ उघडून विमानाचं नाव वाचा. एअरबसचं जुनं ए३२० आणि त्याचंच नवं रूप ए३२० निओ यांच्या इंधनात १५ ते २० टक्क्यांचा फरक पडतो, आणि बहुतेकदा आकड्यातली तफावत तिथूनच येते. ऐनवेळी कंपनीने विमान बदललं तर मात्र पाहिलेला आकडा बाद. वाऱ्याची दिशाही त्यात धरलेली नसते.

मोठी उणीव वेगळीच. विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांमुळे होणारी तापमानवाढ गूगलने २०२२ मध्ये मुख्य आकड्यातून वगळली. विमानवाहतुकीच्या एकूण तापमानवाढीत कार्बनेतर परिणामांचा, म्हणजे या पट्ट्यांसारख्या कार्बन डायऑक्साइडखेरीजच्या गोष्टींचा, वाटा सुमारे दोन तृतीयांश मानला जातो. पट्टे नेमके कधी बनतील ते हवेवर ठरतं, हे कारण पटतं. पण शून्य धरणं हाही अंदाजच, आणि तो चुकीचा.

युरोपीय संघाचं विमान-उत्सर्जनाचं लेबल जुलै २०२५ पासून विमान कंपन्यांना मागता येतं. त्यात खरं जळलेलं इंधन आणि खरे भरलेले प्रवासी मोजतात, म्हणून ते जास्त भरवशाचं. पण घेणं ऐच्छिक आहे. जुनी, इंधनखाऊ विमानं उडवणारी कंपनी ते मागायला कशाला जाईल?