गाडीच्या वारस नोंदीत ९,५०० रुपयांची टोपी

वारलेल्या वडिलांच्या नावावरची मोटार आईच्या नावावर करून देतो म्हणून एजंटाने ९,५०० रुपये घेतले आणि खोटं आरसी कार्ड, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, टेकवलं. हिशेब त्यानेच वहीच्या पानावर लिहून दिलेला: सरकारी फी ३,२००, टॅक्सचा फरक २,८००, प्रतिज्ञापत्र १,५००, 'आतलं' २,०००. त्यातले ५,५०० रोख, ४,००० फोनवरून. साताऱ्यात एजंट कसे चालतात ते नव्याने सांगायला नको. टपरीशेजारी टेबल, टेबलावर शिक्के आणि 'साहेब आपलेच आहेत' हे पालुपद.

आता खरा आकडा बघा. खाजगी मोटारीच्या हस्तांतरणाची फी ३०० रुपये, कार्डाचे २००. वर पोस्टाचा किरकोळ खर्च, आणि मुदत टळली असेल तर दंड. कर गाडी घेतानाच एकरकमी भरलेला असतो. नवऱ्याची गाडी बायकोच्या नावावर होताना कसला आलाय 'फरक'?

कार्ड त्याने पोवई नाक्यावर स्वतः आणून दिलं. पेढे मागितले वर. सगळा संताप होतो तो या क्षणाचा, कारण खोटेपणा त्या कार्डावरच छापलेला होता. नवं कार्ड नोंदवलेल्या पत्त्यावर पोस्टाने येतं, एजंटाच्या खिशातून निघत नाही. मालकाचा अनुक्रमांक ०१ तसाच होता. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की तिथे ०२ यायला हवा. बँकेच्या बोजाची ओळही कोरी. कर्ज केव्हाच फिटलंय, पण बोजा उतरवायला बँकेने सही-शिक्का केलेला फॉर्म ३५ लागतो, आणि तो त्याने कधी मागितलाच नव्हता. न मागता बोजा उतरतो कसा, हा एक प्रश्न विचारला असता तरी पुरे होतं.

पण कार्ड हुबेहूब होतं, हेही तितकंच खरं. वाहतूक पोलिसाने एकदा हातात घेऊन, उलटसुलट बघून परत दिलं होतं. ओटीपी का आला नाही, याचं उत्तरही तयार होतं: 'अण्णांचा नंबर बंद आहे ना, म्हणून ऑफिसातून करून घेतलं.' नोंद जुन्या नंबरला जोडलेली असते हे खरंच असल्यामुळे ते पटलं. घरात माणूस गेल्यावर कागदाचा कानाकोपरा तपासत बसायला कुणाचं डोकं ठिकाणावर असतं?

बिंग फुटलं विम्याच्या नूतनीकरणाला. कंपनीने गाडी नंबर टाकला तर मालक म्हणून वडीलच. गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी 'वाहन' प्रणालीत अर्जच झालेला नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट, अर्ज क्रमांक मागा. खरा अर्ज भरला की क्रमांक आणि फीची पावती निघतेच, आणि तो क्रमांक टाकून परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज कुठे अडकलाय ते दिसतं. एजंटाची कच्ची पावती म्हणजे अर्जाचा पुरावा नव्हे. कार्ड हाती आलं तरी थांबा. नव्या मालकाच्या डिजिलॉकरमध्ये, म्हणजे कागदपत्रांच्या सरकारी ॲपमध्ये, आरसी ओढून बघा. तिथे आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळावं लागतं, त्यामुळे कार्ड खोटं असेल तर तिथेच उघडं पडतं.

वारस नोंदीचा अर्ज म्हणजे फॉर्म ३१. २९ आणि ३० हे विक्रीचे. पुष्कळ एजंट वेळ वाचवायला मागची तारीख टाकून, मयताची सही ठोकून २९-३० च लावतात. त्याला हो म्हणालात तर बनावट सहीच्या भानगडीत तुम्हीही आलात. फॉर्म ३१ सोबत मूळ आरसी, मृत्यू दाखला, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा ते नसेल तर फॉर्म ६०, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओ कार्यालयाला कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा. गाडीवर नॉमिनी नोंदवता येतो, २०२१ पासून. मालक हयात असतानाच ते करून ठेवा, पुढची निम्मी कटकट वाचते.

विम्याकडे कुणी बघतच नाही. विमा घेणारा गेला की पॉलिसी मृत्यूपासून ३ महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. तेवढ्यात नाव बदलून घ्यायचं. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकालाच मिळतं, म्हणजे खोट्या कार्डावर आईला त्यातला छदामही मिळाला नसता.

आता तक्रारीचं ऐका. आरटीओ कार्यालयात खिडकीवर उत्तर मिळालं, 'आमच्याकडे अर्जच नाही, मग तक्रार कसली?' अहो, अर्ज नाही हीच तर तक्रार! तुमच्या दारात बसून तुमच्या नावाचं कार्ड छापलं जातंय, तरी 'एजंटाशी आमचा संबंध नाही'. भिंतीवर दलालांपासून सावध राहण्याची पाटी, आणि तिच्याखालीच दलाल फॉर्म भरतोय. तिथून पोलीस ठाण्यात गेलं तर 'हा व्यवहाराचा वाद आहे, कार्यालयाचं पत्र आणा'. कार्यालय म्हणतं, पोलिसांनी मागितलं तर पत्र देऊ. शेवटी साधा अर्ज घेतला, पोच म्हणून शिक्का मारला, गुन्हा नाही. फोनवरून गेलेल्या ४,००० चं बोललं तर विचारतात, 'स्वतःहूनच पाठवलेत ना?' स्वतःहून नाही तर काय, फसवणूक म्हणतात ती हीच.

वाद कसला? फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली येते, फसवणुकीसाठीचं बनावटीकरण ३३६(३) खाली, आणि दोन्ही दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवायचे गुन्हे आहेत. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची. तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पोस्टाची पोच, वहीचं पान, ४,००० च्या व्यवहाराचा क्रमांक, सगळं जपून ठेवा.

खोटं कार्ड फाडू नका आणि गाडीच्या तपासणीत दाखवूही नका. खोटं माहीत असून वापरलं तर तोही गुन्हा. पोलिसांकडे देताना दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढा आणि लेखी पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. मूळ जुनं आरसी मात्र एजंटाकडेच राहिलंय. त्याशिवाय फॉर्म ३१ पुढे सरकत नाही, म्हणजे आधी हरवल्याची तक्रार, मग फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत, आणि त्याची फी पुन्हा वेगळी.